दोन मीटरचा गेज सेट की कॅनसोबतचा एकच मीटर? जुन्या गाडीचा एसी तपासण्याच्या साधनांचं परीक्षण

जुन्या गाडीचा एसी गार करेनासा झाला की पहिला सल्ला ठरलेला असतो: गॅस भरून घ्या. वॅगन-आर, सँट्रो, झेन, इंडिका अशा गाड्यांत कधी कधी तो बरोबरही ठरतो. पण एसीचा गॅस वापरून संपत नाही. सिस्टीम बंदिस्त असते, गॅस कमी झाला म्हणजे तो कुठून तरी बाहेर गेला. शिवाय गॅस पुरेसा असूनही गार हवा न येण्याची कारणं सहज सात-आठ निघतात. ती वेगळी ओळखता यावीत म्हणून घरी काम करणाऱ्यांसाठी बाजारात दोन तऱ्हेची साधनं मिळतात. एक म्हणजे गॅसचा कॅन, छोटा पाइप आणि त्यावर रंगीत पट्ट्यांचा एकच मीटर. दुसरा म्हणजे गॅरेजवाले वापरतात तो निळ्या-लाल मीटरचा मॅनिफोल्ड गेज सेट.

निकाल आधीच सांगतो. दोन मीटरचा सेट घ्यावा, एका मीटरचा किट घेऊ नये आणि त्यासोबत येणारा ‘लीक बंद करणारा’ कॅन फुकट मिळाला तरी गाडीत टाकू नये. दोन मीटरचा साधा सेट साधारण दोन ते साडेतीन हजारांत येतो, म्हणजे एक-दोनदा गॅस भरण्याच्या खर्चात. फरक इतकाच की गॅस भरून दोष कळत नाही, सेटने कळतो.

एका मीटरच्या किटवर आक्षेप काय, ते आधी. तो फक्त सक्शनच्या, म्हणजे कमी दाबाच्या पोर्टला लागतो. त्याची तबकडी सांगते की काटा हिरव्या पट्ट्यात असेल तर गॅस पुरेसा, खाली असेल तर अजून भरा. आता एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, म्हणजे डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये गॅस सोडणारा बारीक छिद्राचा व्हॉल्व्ह, तुंबला आहे असं धरा. कॉम्प्रेसर ओढतोय पण मागून गॅस येत नाही, त्यामुळे सक्शनचा दाब पडलेला. किट म्हणणार, भरा. तुम्ही अख्खा कॅन रिकामा करता आणि तिकडे डिस्चार्जचा, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूचा, दाब ३५० पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं एकक) वर चढतो, जो तुम्हाला दिसतच नाही. उलट प्रकारही तितकाच नेहमीचा. कॉम्प्रेसरचे आतले व्हॉल्व्ह झिजलेत, तो दाब तयार करत नाही, म्हणून सक्शन ५०-६० वर बसलेलं. किटचा काटा खुशाल हिरव्यात किंवा त्याच्याही पुढे, आणि हवा मात्र कोमट. दोन्ही वेळा मीटर आकडा बरोबरच दाखवतो, पण एकट्या सक्शनच्या आकड्यावरून निदान होत नाही.

खोक्यात काय असतं, काय तपासून घ्यावं

निळा मीटर सक्शनचा, लाल डिस्चार्जचा. निळा, लाल आणि पिवळा असे तीन पाइप, दोन कपलर (गाडीच्या पोर्टला लागणारी टोकं) आणि कॅन भोसकायचा टॅप. आर-१३४ए या गॅसवरच्या गाड्यांत सक्शनचा पोर्ट १३ मिमीचा आणि डिस्चार्जचा १६ मिमीचा असतो, त्यामुळे कपलर उलटे लागूच शकत नाहीत. नव्वदच्या दशकातल्या, आर-१२ या जुन्या गॅसवर निघालेल्या गाड्यांना आट्यांचे पोर्ट असतात, तिथे अडॅप्टर लागतो. काही सेटमध्ये तो येतो, काहींत नाही.

स्वस्त सेटमध्ये मीटर सहसा बरे असतात, गोंधळ कपलरमध्ये होतो. आतली रबरी रिंग कडक किंवा आखूड असली की दाबाखाली ती धरते, पण पंपाने आतली हवा काढून व्हॅक्यूम केला की बाहेरची हवा ओढते. मग व्हॅक्यूम टिकत नाही आणि गाडीत लीक आहे असं समजून माणूस नसती शोधाशोध करत बसतो. म्हणून नवा सेट आला की गाडीला लावण्याआधी दोन्ही कपलर बंद ठेवून नुसत्या सेटला व्हॅक्यूम मारावा आणि अर्धा तास काटा पाहावा. पाइप निदान दीड मीटरचे घ्या. नव्वद सेंटिमीटरचे पाइप बॉनेटच्या हुकापर्यंत पोचत नाहीत आणि मीटर बेल्टशेजारी लोंबतो.

मीटर खरा आहे का, हे तपासायला वेगळं यंत्र लागत नाही. आर-१३४ए चा भरलेला कॅन सावलीत दोन-तीन तास ठेवा, शेजारी थर्मामीटर ठेवा, मग सेटला जोडा. शुद्ध गॅसचा दाब तापमानावर पक्का बांधलेला असतो: २५ अंशांना सुमारे ८२ पीएसआय, ३० ला ९७, ३५ ला ११४, ४० ला १३३. निळा आणि लाल दोन्ही काटे याच्या जवळ आले पाहिजेत. ५०० पीएसआयच्या लाल मीटरवर २.५ टक्के अचूकतेचा वर्ग छापला असेल तर १२ पीएसआयचा फरक चालवून घ्यावा लागतो, १.६ असेल तर ८ चा. दोन्ही मीटर एकमेकांशी जुळतात पण कॅनच्या तापमानाशी मुळीच जुळत नाहीत, तर संशय मीटरवर नको, कॅनवर घ्या. स्वस्त बनावट कॅनमध्ये हायड्रोकार्बनची किंवा आर-४०, म्हणजे मिथाइल क्लोराइडची भेसळ असते. आर-४० ॲल्युमिनियमशी प्रक्रिया करतो आणि गाडीचा कंडेन्सर (रेडिएटरपुढची, गॅस गार करणारी जाळी), कूलिंग कॉइल सगळं ॲल्युमिनियमचंच असतं. २०११ मध्ये अशा भेसळीमुळे जहाजांनी नेल्या जाणाऱ्या रेफ्रिजरेटेड कंटेनरमध्ये स्फोट झाले होते. त्यामुळे ही तपासणी फालतू समजू नका.

मीटर लावण्याआधी

अर्ध्या तक्रारी इथेच मिटू शकतात. एसीचं बटण दाबल्यावर कॉम्प्रेसरच्या पुढची क्लच प्लेट टक् आवाजाने बसून फिरायला लागते का? नाही, तर फ्यूज, रिले, मग क्लचच्या वायरला १२ व्होल्ट येतात का ते पाहा. व्होल्ट येऊनही ओढत नसेल तर कॉइलचा रोध मोजा. साधारण ३ ते ४ ओहम असावा. अनंत दाखवला तर कॉइल गेली. जुन्या गाड्यांचा खास दोष म्हणजे प्लेट झिजून तिच्यातली फट वाढणं. ती ०.३५ ते ०.६ मिमीच्या आसपास हवी. फट वाढली की सकाळी थंडीत एसी चालतो आणि वीसेक मिनिटांनी कॉइल तापून तिची ओढ कमी झाली की क्लच सुटतो. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून मोजा आणि आतला एखादा पातळ शिम, म्हणजे चकती, काढा. बहुतेक क्लचवर त्यासाठी मधला एक नट सोडावा लागतो, गॅसला हात लागत नाही. गॅरेजमध्ये मात्र याच लक्षणावर अनेकदा आख्खा कॉम्प्रेसर बदलला जातो.

कंडेन्सरचा पंखा फिरतो का, बेल्ट सरकतो का, उंदरांनी प्रेशर स्विचची वायर कुरतडली आहे का, तेही आत्ताच बघून घ्या. आणि कंडेन्सर पुढून नाही तर रेडिएटरच्या बाजूने बघा. माती आणि किड्यांची गादी त्या दोघांच्या मधे बसते.

आकडे कसे वाचायचे

सेटची खरी किंमत इथे वसूल होते, म्हणून जरा सावकाश.

इंजिन बंद, गाडी दोन-तीन तास सावलीत उभी. कपलर लावा, सेटवरच्या दोन्ही कळा बंदच. दोन्ही काटे एकाच आकड्यावर असतील, आणि तो वरच्या तापमानाच्या कोष्टकाशी जुळला तर सिस्टीममध्ये द्रव गॅस आहे इतकंच कळतं. किती आहे ते कळत नाही. ३० अंशांना १०० ग्रॅम असला तरी ९७ आणि ४०० असला तरी ९७. ‘बंद गाडीत दाब चांगला आहे, म्हणजे गॅस फुल’ हे वाक्य काउंटरवर ऐकू आलं तर ते सोडून द्या. आकडा कोष्टकापेक्षा बराच वर, समजा ३० अंशांना १२०, असेल तर आत हवा शिरली आहे. आधी कुणीतरी व्हॅक्यूम न मारता गॅस भरलाय. आकडा २८ च्या खाली असेल तर बऱ्याच गाड्यांत लो-प्रेशर स्विच क्लच लागूच देत नाही. तेव्हा वायरिंगच्या मागे लागू नका.

आता इंजिन १५०० आरपीएमवर, ब्लोअर पूर्ण, हवा आतलीच फिरती, दारं उघडी, थर्मामीटर डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत. बाहेर ३५ अंश असताना सुदृढ सिस्टीम सक्शनला साधारण ३० ते ४५ आणि डिस्चार्जला २०० ते २४० दाखवते. चंद्रपूर-नागपूरच्या ४५ अंशांत डिस्चार्ज २८० पर्यंत जाणं रोग नव्हे. कोकणात हवा दमट असल्याने कॉइलवर भार जास्त, सक्शन थोडं चढं राहतं.

दोन्ही आकडे खाली असतील तर गॅस कमी. क्लच दर काही सेकंदांनी लागत-सुटत असेल तर तेच अधिक पक्कं.

सक्शन चढलेलं आणि डिस्चार्ज पडलेलं, म्हणजे दोघांतलं अंतर मिटत चाललंय, तर कॉम्प्रेसर दमला. आरपीएम वाढवूनही अंतर वाढत नाही, ही त्याची खूण. मात्र त्याआधी बेल्ट घसरत नाही ना, हे डोळ्यांनी बघा, कारण लक्षण हुबेहूब तेच आणि खर्चात जमीन-अस्मानाचा फरक.

सक्शन शून्याकडे किंवा व्हॅक्यूममध्ये, डिस्चार्ज मध्यम किंवा कमी, तर वाट तुंबली. पाइपावर हात फिरवत जा (फिरत्या पंख्यापासून जपून). जिथे अचानक गार लागतं किंवा दव-बर्फ धरतं, तिथे अडथळा. ड्रायरच्या (ओलावा शोषणारी डबी) दोन टोकांत तापमानाचा फरक जाणवला तर ड्रायर, नाहीतर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह. यात एक फसवा प्रकार आहे. एसी दहा-पंधरा मिनिटं मस्त चालतो, मग सक्शन एकदम व्हॅक्यूममध्ये जातं, पाच मिनिटं बंद ठेवला की परत मस्त. सिस्टीममधला ओलावा व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठतोय. व्हॉल्व्ह बदलून काही होत नाही, ड्रायर बदलून नीट व्हॅक्यूम मारावा लागतो. याच्याशी मिसळणारा दुसरा दोष म्हणजे कॉइलवरचा थर्मोस्टॅट किंवा सेन्सर बिघडून बाहेरून बर्फ जमणं. फरक जाळीतून येणाऱ्या हवेत ओळखायचा. व्हॉल्व्ह गोठला तर हवेचा जोर तोच राहतो, फक्त ती गरम होते. कॉइल गोठली तर जोरच हळूहळू मरतो आणि एसी बंद केल्यावर गाडीखाली नेहमीपेक्षा जास्त पाणी गळतं.

दोन्ही आकडे चढे असतील, समजा ६० आणि ३२०, तर तीन संशयित: गॅस जास्त, आत हवा, किंवा कंडेन्सर गार होत नाही. बाटलीभर पाणी कंडेन्सरवर मारा. डिस्चार्ज झपकन उतरून हवा गार लागली तर पंखा किंवा मळलेला कंडेन्सर. सिग्नलला गरम आणि हायवेला गार, ही तक्रार असेल तर बहुतेक हेच. फारसा फरक पडला नाही तर गॅस जास्त किंवा हवा, आणि त्या दोघांना सावलीत उभ्या, बंद गाडीतला आधीचा आकडा वेगळं करतो.

सक्शन चढं, डिस्चार्ज ठीक आणि सक्शनचा जाड पाइप कॉम्प्रेसरपर्यंत बर्फाळलेला, तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह उघडाच अडकला आहे.

आणि दोन्ही आकडे अगदी पुस्तकात असावेत तसे, तरी हवा कोमट? मग गॅसला दोष देऊ नका. हीटरचा फ्लॅप किंवा कॉक नीट बंद होत नाही आणि गरम हवा मिसळतेय. हीटरकडे जाणारा रबरी पाइप कापड गुंडाळून पक्कडीने हलका दाबून धरा. जाळीतलं तापमान घसरलं तर दोष मिळाला.

व्हॅक्यूम आणि गॅस भरणं

सेट एकटा पुरत नाही, ही त्याची मोठी उणीव. सिस्टीम उघडली असेल तर व्हॅक्यूम पंप लागतोच, आणि दोन टप्प्यांचा पंप सेटपेक्षा महाग पडतो. तो विकत घेऊ नका, फ्रिजवाल्याकडून भाड्याने आणा. जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरचा केलेला पंप मात्र नको, ओलावा उकळून निघेल इतका खोल तो सहसा जात नाही. किमान अर्धा तास, पावसाळ्यात तासभर पंप चालवा, मग कळा बंद करून अर्धा तास काटा पाहा. काटा किती खाली जाणार हे तुम्ही किती उंचीवर आहात यावर ठरतं. मुंबईत तो पाऱ्याच्या ३० इंचांच्या अगदी जवळ जातो, पुण्याच्या ५६० मीटर उंचीवर २८ च्या आसपास थांबतो, महाबळेश्वरला २५-२६ वर. पुण्यात ३० दिसत नाही म्हणून पंपाला बोल लावू नये.

लीक शोधायला नायट्रोजन १५० पीएसआयपर्यंत भरून साबणाचा फेस लावतात. टायरची हवा भरणारे पुष्कळ आहेत, पण ती हवा पाणी घेऊन येते आणि ड्रायर वाया घालवते. फेस आधी कॉम्प्रेसरच्या शाफ्टशी, पाइपांच्या सांध्यांवरच्या ओ-रिंगना आणि पोर्टच्या व्हॉल्व्हला लावा. तेलकट धूळ बसलेली जागा पहिली. किनारपट्टीच्या गाड्यांत कंडेन्सरच्या खालच्या कडा आणि ॲल्युमिनियमच्या पाइपावरचे क्लॅम्प मिठाने खाल्लेले असतात.

गॅस वजनावर भरा, मीटरच्या काट्यावर नाही. लहान हॅचबॅकमध्ये साधारण ३५० ते ५०० ग्रॅम बसतो आणि नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो. आपल्याकडचा कॅन बहुधा ४५० ग्रॅमचा. म्हणजे ४०० ग्रॅमच्या गाडीत ‘एक कॅन’ हेदेखील जास्तच. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा वजनकाटा पुरतो. पिवळ्या पाइपातली हवा आधी क्षणभर सोडून द्या. इंजिन चालू असताना कॅन उभा ठेवून फक्त निळी कळ उघडायची. कॅन उलटा केला तर द्रव कॉम्प्रेसरमध्ये जाऊन व्हॉल्व्ह तुटतात. कॅन जोडलेला असताना आणि इंजिन चालू असताना लाल कळ कधीही उघडू नका, डिस्चार्जचा दाब उलटा कॅनमध्ये शिरून तो फुटतो. चष्मा आणि हातमोजे घाला, हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो. आर-१२ ची गाडी बदलायची असेल तर जुन्या वजनाच्या ८० ते ९० टक्केच आर-१३४ए, नवा ड्रायर, नव्या ओ-रिंग, आणि मिनरल तेलाऐवजी एस्टर किंवा पीएजी तेल.

आतला जुना गॅस हवेत सोडून देण्याची गॅरेजांची सवय वाईट आहे. आर-१३४ए ची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट धरतात. एक कॅन म्हणजे सुमारे ६४० किलो कार्बन डायऑक्साइड. गॅस खेचून घेणारं मशीन असलेल्या ठिकाणी सिस्टीम रिकामी करून घ्या.

लीक बंद करणाऱ्या कॅनबद्दल वर सांगितलंच, कारण असं: त्यातलं रसायन ओलावा लागला की घट्ट होतं. ते लीकच्या तोंडाशीच घट्ट होईल याची हमी नाही. ओला ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हचं बारीक छिद्र त्याला आधी भेटतं. अशी गाडी चांगलं गॅरेज आपल्या मशीनला लावूनही घेत नाही.

कुणी घेऊ नये

काही युरोपीय गाड्यांत क्लच नसलेला, बदलत्या क्षमतेचा कॉम्प्रेसर असतो. तिथे सक्शन कायम एकाच आकड्याशी धरून राहतं आणि वरची लक्षणं जशीच्या तशी लागू होत नाहीत, स्कॅनर लागतो. आर-१२३४वायएफ वरच्या नव्या गाड्यांचे पोर्ट वेगळे, त्यांना हा सेट लागत नाही. कूलिंग कॉइलच लीक असेल तर डॅशबोर्ड उतरवणं आलं. सेट तिथपर्यंत बोट दाखवेल, पुढचं काम कारागिराचं. पण त्याच्याकडे ‘एसी गार नाही’ म्हणून जाणं आणि ‘३५ अंशांना सक्शन १०, डिस्चार्ज १५०, ड्रायरवर दव’ असं लिहून घेऊन जाणं यात बिलाचा फरक पडतो.

वापरल्यावर सेट काढायचीही रीत आहे. नाहीतर लाल पाइपात अडकलेला गॅस वाया जातो. इंजिन चालू ठेवून लाल कपलरची चकती उलटी फिरवून तो पोर्ट बंद करा. कॅनचा टॅप बंद आहे ना पाहा, मग दोन्ही कळा सावकाश उघडा. लाल पाइपातला गॅस सक्शन ओढून घेतं आणि दोन्ही काटे एका आकड्यावर येतात. मग निळा कपलर बंद करा, इंजिन बंद करा आणि दोन्ही काढा. पोर्टच्या प्लॅस्टिकच्या टोप्या आतल्या रबरी रिंगसकट परत लावा. जुन्या गाड्यांत त्या हरवलेल्या असतात आणि पोर्टचा व्हॉल्व्ह किंचित गळत असेल तर त्याला अडवणारं दुसरं काही तिथे नसतं.